उपासनेची भाषा आणि हुकुमाची भाषा

रोममधील सेंट पीटर्स बासिलिकेत २५ ऑक्टोबर २०२५ रोजी कार्डिनल रेमंड बर्क यांनी जुन्या लॅटिन विधीने मीस अर्पण केली. या जुन्या विधीचे अभिमानी, त्यांत धर्मगुरू आले, विद्वान आले आणि सामान्य भाविकही आले, दरवर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस रोमला यात्रेसाठी जमतात. त्याआधीची दोन वर्षे त्यांना बासिलिकेत ही मीस करू देण्यात आली नव्हती. मे २०२५ मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांच्या कारकिर्दीत ती अनुमती मिळाली. एका दिवसाची, एका वेदीपुरती ही अनुमती. पण तिची वार्ता जगभर गेली. कोणी तिला परंपरेचा विजय म्हटले, कोणी प्रतिगामी पाऊल म्हटले. पोर्तुगीज राजवटीत साडेचारशे वर्षे काढलेल्या या भूमीत, जिथे घंटानाद आणि घंटारव एकाच वाऱ्यावर ऐकू येतात, तिथे या वार्तेकडे केवळ परदेशातील एक धार्मिक कलह म्हणून पाहून चालणार नाही, असे आम्हांस वाटते.

‘कॅथलिकांनी मीस कोणत्या भाषेत म्हणावी, हे हिंदू वाचकांच्या वृत्तपत्राने सांगण्याचे कारण काय?’ असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर इतिहासातच सापडते. जुना विधी बंद होणार असे दिसू लागले तेव्हा, १९७१ साली, इंग्लंडमधील पन्नासहून अधिक लेखक, कलावंत आणि विद्वानांनी पोप पॉल सहावे यांच्याकडे एक विनंतिपत्र पाठवले. सह्या करणाऱ्यांत कॅथलिक कादंबरीकार ग्रॅहॅम ग्रीन होते. पण अँग्लिकन पंथाच्या अगाथा ख्रिस्ती होत्या आणि ज्यू धर्माचे व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिनही होते. हा विधी, त्याचे संगीत आणि त्यातून फुललेली कला हे एका पंथाचे धन नसून मानवी संस्कृतीचे धन आहे, हा त्यांचा मुद्दा होता. पोपनी तो मानला आणि इंग्लंडपुरती मर्यादित सवलत दिली. परधर्मीयांनी आपुलकीने बोललेला शब्द परमपीठानेही ऐकून घेतला होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही, आणि तो आम्ही मागतही नाही. परंतु शेजाऱ्याच्या घरातील जुना दिवा विझू नये असे वाटण्याचा अधिकार प्रत्येक शेजाऱ्याला आहे.

वादाचे मूळ थोडक्यात असे आहे. ट्रेंटच्या धर्मसभेनंतर पोप पायस पाचवे यांनी १५७० साली लॅटिन मीसचा एक प्रमाणग्रंथ सिद्ध केला आणि दोनशे वर्षांहून जुन्या स्थानिक परंपरांचा अपवाद ठेवून तो सर्वत्र लागू केला. किरकोळ फेरफार सोडले तर सुमारे चारशे वर्षे तोच चालला. १९६२ साली सुरू झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीच्या सुधारणेचा ठराव मंजूर केला. बाजूने २१४७ मते पडली आणि विरुद्ध अवघी ४. येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. या ठरावाने लॅटिन रद्द केलेली नव्हती. लॅटिनचा वापर राखावा, ग्रेगोरियन गायनाला मानाचे स्थान असावे, आणि त्याबरोबरच लोकभाषांना अधिक वाव द्यावा, असे त्या ठरावाचे म्हणणे होते. पुढे १९६९ साली पॉल सहावे यांनी नवा मीसग्रंथ जारी केला, आणि पाहता पाहता लॅटिन जवळजवळ सर्वत्र मागे पडली. जुन्या चर्चमध्ये धर्मगुरू भाविकांसह वेदीकडे तोंड करून उभा राहत असे. आता वेदीपुढे नवे मेज आले आणि तो भाविकांकडे तोंड करून उभा राहू लागला.

बदल एवढा वेगाने झाला की अनेकांना आपल्या देवघरात कोणी परका वावरतो आहे असे वाटले. फ्रान्सचे आर्चबिशप मार्सेल लेफेव्र यांनी उघड बंड पुकारले आणि १९८८ साली पोपच्या आज्ञेविरुद्ध चार बिशपांना दीक्षा दिली. जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ साली आणि पुन्हा १९८८ साली जुन्या विधीला मर्यादित वाट करून दिली. बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ साली ती वाट पुष्कळ रुंद केली. मागील पिढ्यांनी जे पवित्र मानले ते आजही पवित्रच राहते, अशी त्यांची भूमिका होती. फ्रान्सिस यांनी २०२१ साली ती वाट पुन्हा अरुंद केली. जुन्या विधीची ही सवलत महासभेलाच नाकारण्यासाठी वापरली जात आहे, असे त्यांचे कारण होते. म्हणजे साठ वर्षांत एकाच उपासनेसंबंधी आधी शिथिलता, मग मज्जाव, मग सवलत, पुन्हा मज्जाव आणि आता पुन्हा एक छोटी खिडकी, असे चक्र फिरले आहे. आज्ञा बदलत गेल्या. पण ज्यांचे मन जुन्या विधीत गुंतले होते त्यांचे मन काही बदलले नाही.

या पक्षाला केवळ जुनाट म्हणून हिणवणे सोपे आहे. ते न्यायाचे होणार नाही. २०१३ साली रोममध्ये उपासनाविधीवर एक मोठी परिषद भरली, आणि तिच्या पुढच्या सत्रांत जगभरचे धर्मगुरू, संगीतज्ञ व इतिहासकार जमत राहिले. लंडन येथे जुलै २०१६ मध्ये भरलेल्या सत्रात गिनी देशाचे कार्डिनल रॉबर्ट सारा यांनी धर्मगुरूंना वेदीकडे तोंड करून मीस अर्पण करण्याचे आवाहन केले. ते त्या वेळी व्हॅटिकनच्या उपासनाखात्याचेच प्रमुख होते; तरीही काही दिवसांतच नवा कोणताही नियम झालेला नाही असा खुलासा व्हॅटिकनला करावा लागला. या मंडळींचे म्हणणे असे की, उपासना हे सभागृहातील भाषण नव्हे; तिच्यात मौन हवे, गूढता हवी, सारे एकाच दिशेला मुख करून उभे आहेत ही जाणीव हवी. ज्या समाजात गाभाऱ्यातील अंधारात समईच्या उजेडात दर्शन घेण्याची रीत आहे, त्या समाजाला हे म्हणणे समजण्यास कठीण नाही. पुजारी देवाकडे तोंड करून उभा असतो, तो आपल्याकडे पाठ फिरवून आपला अपमान करतो असे आपल्यापैकी कोणाच्या मनात आले आहे काय?

परंतु दुसरी बाजूही तितकीच आपली आहे. देवाला संस्कृत कळते आणि मराठी कळत नाही, असे मानणाऱ्यांपुढे ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतेचा अर्थ लोकभाषेत उभा केला. त्या एका कृतीने महाराष्ट्राचा धर्म शास्त्र्यांच्या ओसरीवरून शेतकऱ्याच्या अंगणात आला. आणि तरी मंत्र संस्कृतातच राहिले! गोमंतकातील कोणत्याही देवळात जा. अभिषेकाचे मंत्र संस्कृत, कीर्तन आणि भजन मराठी, देवाला घातलेले गाऱ्हाणे कोकणी. तिन्ही भाषा एकाच सभामंडपात नांदतात आणि कोणी कोणाला हाकलून देत नाही. ज्या भाषेचे जे काम ते तिने करावे, अशी ही न लिहिलेली वाटणी आहे. ती कोणा महासभेने केली नाही, कोणा राजाने लादली नाही. म्हणूनच ती टिकली. आमच्या मते सगळ्या वादाचे मर्म येथेच आहे. भाषा जुनी की नवी हा खरा प्रश्न नव्हे. ती भाविकाच्या मनातून आली की वरून हुकुमाने उतरली, हा खरा प्रश्न आहे.

या कसोटीवर आपल्याच भूमीचा इतिहास पाहिला तर लॅटिनच्या अभिमान्यांना थोडे थबकावे लागेल. गोव्यात लॅटिन विधी एकटा आला नाही. त्याच्यामागून १५६० साली धर्मन्यायपीठ, म्हणजेच इन्क्विझिशन, आले आणि मधली काही वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत ते या भूमीवर बसून राहिले. तिसवाडी, बारदेस आणि सासष्टीतील देवळे सोळाव्या शतकात पाडली गेली; श्रीमंगेश, श्रीशांतादुर्गा आणि अन्य दैवतांना नदी ओलांडून अंत्रुज महालात आश्रय घ्यावा लागला, ही कथा आमच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढले की, एतद्देशीयांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. १७३६ च्या फर्मानाने तर लग्नातील ओव्या, हळद, तुळस, पुरुषांचे धोतर आणि बायकांची चोळी हे सारे ख्रिस्ती घरांतून हद्दपार करण्याचा प्रयत्न केला. धर्म बदललेल्या माणसालाही आपल्या आईचे गाणे गाण्याची मुभा नव्हती! आज ज्याला निर्मळ, पवित्र, पुरातन विधी म्हणून गौरवले जाते, तो आमच्या पूर्वजांच्या कानांवर प्रथम पडला तो अशा संगतीत. परंपरेवर बोलणाऱ्या विद्वानांनी ही संगत विसरून चालणार नाही.

मात्र त्याच काळात त्याच सासष्टीत आणखी एक घटना घडत होती. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. त्याने येथील भाषा आत्मसात केली, कोकणीचे व्याकरण लिहिले आणि पुराणांच्या धर्तीवर मराठी ओवीत ख्रिस्तचरित्र रचले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचे हे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे रोमन अक्षरांत छापले गेले आणि चर्चमध्ये वाचले, गायले जाऊ लागले. लॅटिन मीस ऐकून न कळणाऱ्या भाविकाला आपल्या ओळखीच्या छंदात देव भेटला. मराठी भाषेचे गोडवे त्या परदेशी धर्मगुरूने ज्या आत्मीयतेने गायले, ती आत्मीयता आमच्या कित्येक मराठी पंडितांच्याही वाट्याला आलेली नाही. पुढे हुकुमाची भाषा आली आणि ही पुराणपरंपरा क्षीण झाली. आमच्या दृष्टीने गोव्याच्या चर्चची खरी हरवलेली परंपरा कोणती असेल तर ती ही. मंगळुरास १९०७ साली ख्रिस्तपुराणाची आवृत्ती निघाली, शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली ते देवनागरीत आणले, फादर कारिदाद द्रागो यांनी १९९६ मध्ये पुन्हा संपादले. ग्रंथ वाचला, हे आपले भाग्य. पण गायन मात्र ग्रंथात वाचत नाही, ते कंठातच वाचते.

गायनाचाच विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. चर्चच्या गावोगावच्या शाळांतून ‘मेस्त’ मुलांना स्वरलिपी, व्हायोलिन आणि लॅटिन स्तोत्रे शिकवीत असे. उपासकाळात येशूच्या यातनांच्या मिरवणुकीत गायली जाणारी लॅटिन मोतेत ही याच परंपरेची निर्मिती. त्यांतील अनेक रचना गोमंतकीयांनी केलेल्या आहेत. शब्द लॅटिन, वाद्ये युरोपीय, आणि स्वरांतील आर्तता मात्र या मातीची. याच शाळांतून संगीताचा पाया घेतलेल्या गोमंतकीय वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीचे वाद्यवृंद उभे केले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट ही नावे न ऐकणाऱ्यांनीही त्यांचे स्वर ऐकलेले आहेत. जे लादले गेले त्यातूनही या भूमीने काही आपले केले, हे मान्य करण्याइतके मन आम्ही मोठे ठेवले पाहिजे. लॅटिनसोबत ती मोतेतही गेली, तर नुकसान केवळ कॅथलिकांचे होणार नाही.

हुकुमाने उपासना बदलण्याचे परिणाम किती दूरवर पोहोचतात याचे सर्वांत बोलके उदाहरण केरळात आहे, आणि त्याचा धागा थेट गोव्याला येऊन मिळतो. मलबारचे ख्रिस्ती पोर्तुगीज येण्याच्या कित्येक शतके आधीपासून सिरियाक भाषेत उपासना करीत. गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी १५९९ च्या जूनमध्ये उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवून त्यांच्या विधीत लॅटिन पद्धतीचे फेरफार केले. त्यांचे सिरियाक ग्रंथ ‘शुद्ध’ केले गेले, कित्येक जाळले गेले. हुकूम गोव्याहून गेला होता! चोपन्न वर्षांनी, १६५३ साली, मट्टांचेरी येथे हजारो ख्रिस्ती क्रूसाला बांधलेले दोर हाती धरून शपथ घेते झाले की, या पाद्र्यांचा अंमल आम्ही मानणार नाही. एकसंध असलेला समाज फुटला तो पुन्हा एक झाला नाही.

रोमने पुढे आपली भूमिका बदलली. १९५७ साली पोप पायस बारावे यांनी जुन्या सिरियाक विधीच्या पुनःस्थापनेला संमती दिली, १९६२ मध्ये तो बहुतांशी मल्याळमात वापरात आला, आणि १९८६ साली जॉन पॉल दुसरे यांनी कोट्टयमला येऊन त्या परंपरेला मान दिला. परंतु साडेतीनशे वर्षांत जे लादले होते तेही एव्हाना काहींना आपले वाटू लागले होते. २०२१ साली सिरो-मलबार धर्मसभेने सर्वांसाठी एकच पद्धत ठरवली: अर्धा विधी भाविकांकडे तोंड करून, अर्पणाचा भाग वेदीकडे तोंड करून. एर्नाकुलम-अंगमाली प्रांतातील बहुतेक धर्मगुरूंनी व भाविकांनी ती धुडकावली. २०२२ च्या नाताळाच्या तोंडावर तेथील मुख्य बासिलिकेत वेदीपाशीच झटापट झाली आणि ऐन सणात बासिलिका बंद राहिली. अखेरीस २०२४ च्या जुलैपासून रविवारी व मोठ्या सणांना निदान एक मीस ठरल्याप्रमाणे व्हावी, एवढ्या तडजोडीवर समाधान मानावे लागले. सारा आधार पंचवीस पावलांच्या आतल्या एका प्रश्नाचा: धर्मगुरूचे तोंड कोणीकडे? हा हट्ट ऐकून हसू येणाऱ्यांनी पालखीचा मान, पहिली आरती आणि कौलाचा हक्क यांवरून आपल्या देवळांत चालणारे आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारे दावे आठवावेत. मग हसू आपोआप ओसरेल.

परंपरेच्या अशा परिषदा रोम, लंडन, न्यूयॉर्क येथे भरतात. आमची सूचना अशी की, तशी एक परिषद भारतात भरावी, आणि भरलीच तर ती हैदराबादेत, नामपल्लीच्या परिसरात भरावी. सूचना विचित्र वाटेल. तिचे कारण सांगतो. १९०७ साली बांधलेल्या नामपल्लीच्या रेल्वेस्थानकातून बाहेर पडणाऱ्या माणसाला एका फेरफटक्यात युसुफैन दर्ग्यातील अरबी फातिहा ऐकू येईल, नौबत पहाडावरील १९७६ सालच्या बिर्ला मंदिरातील संस्कृत मंत्र ऐकू येतील आणि जवळच्या गनफौंड्रीत, मिलानच्या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारलेल्या सेंट जोसेफ कॅथिड्रलमध्ये, तेलुगू आणि इंग्रजीतील मीसही ऐकू येईल. शहराच्या वेशीवरच्या शमशाबादला २०१७ साली सिरो-मलबार धर्मप्रांत स्थापन झाला. त्याचे पहिले बिशप राफेल थट्टिल २०२४ मध्ये त्या साऱ्या धर्मपंथाचे प्रमुख झाले. म्हणजे लॅटिन आणि सिरियाक या दोन्ही परंपरांची पीठे एकाच शहरात आहेत. आणखी एक योग पाहा. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला आणि गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव हे दोघेही २७ ऑगस्ट २०२२ रोजी, एकाच समारंभात, कार्डिनल झाले.

हैदराबादला हुकुमाच्या भाषेचाही अनुभव आहे. निजामाच्या दरबारी आधी फारशी होती, मग उर्दू आली. प्रजा बोलत होती तेलुगू, मराठी आणि कानडी. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचे धाडस केले, हे त्याचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये; पण ती भारतीय भाषा बहुसंख्य प्रजेची नव्हती. मराठवाड्याच्या एका पिढीने विज्ञान आणि इतिहास परक्या लिपीतून शिकला. १९३८ साली विद्यार्थ्यांनी वसतिगृहातील प्रार्थनेत वंदे मातरम् म्हटले म्हणून त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. प्रार्थनेला हुकुमाने बंदी घातली की ती प्रार्थना रणगीत होते, हे त्या वेळी निजामाच्या अधिकाऱ्यांना कळले नाही. दहा वर्षांनी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, ती राजवटच संपली. उपासनेची शिस्त लावू पाहणाऱ्या प्रत्येक सत्ताधाऱ्याने, मग तो मुकुटधारी असो वा मठाधिपती असो, हा धडा वाचावा.

हैदराबादेत असे विद्वान जमले तर त्यांना आणखी एका प्रश्नाला तोंड द्यावे लागेल. कार्डिनल पूला हे दलित समाजातून आलेले पहिले कार्डिनल. तेलुगू मुलखातील कॅथलिकांचा मोठा भाग याच समाजातील आहे. जुन्या विधीच्या सौंदर्याचे वर्णन ऐकताना त्यांनी विचारले की, ‘त्या सुंदर विधीच्या काळात आम्ही कोठे उभे होतो?’ तर उत्तर काय द्यावयाचे? दक्षिणेत कित्येक ठिकाणी चर्चमध्ये बसण्याची जागा वेगळी आणि दफनभूमीत निजण्याचीही जागा वेगळी होती. गोव्यातही कोनफ्रारींचे मानपान जातीजातींत वाटलेले होते. तांबडा ओपमुस कोणी घालायचा आणि छत्र कोणी धरायचे हे ख्रिस्ताने सांगितलेले नव्हते. परंपरा जपायची तर हेही तिच्यातच येते. सोने राखताना मळ धुवावाच लागतो. येथे आम्ही शेजाऱ्याला नाक वर करून काही सांगत नाही. ज्या समाजाकडून ही जात त्यांच्या घरात गेली तो समाज आमचाच आहे.

आता आमच्या वाचकांपैकी काहींच्या मनात असलेल्या एका शंकेविषयी. १९६९ साली भारतीय बिशपांच्या विनंतीवरून रोमने मीसमध्ये बारा भारतीय प्रथांना मान्यता दिली. जमिनीवर बसणे, गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून नमस्कार, आरती, तेलाचे दिवे अशा त्या प्रथा. जुन्या विधीच्या अभिमान्यांनी याला हिंदूकरण म्हणून नावे ठेवली. दुसरीकडे काही हिंदूंनी हे धर्मांतराचे सोंग आहे असा आरोप केला. दोन टोकांचे लोक एकाच आरतीवर रुसले, ही गंमत पाहण्यासारखी आहे. आमचे मत स्पष्ट आहे. भोळ्या माणसाला फसवण्यासाठी कोणी आरती ओवाळीत असेल तर ते निंद्यच होय. परंतु जिच्या पणजीने तुळशीपुढे दिवा लावला त्या बाईने ख्रिस्तापुढे दिवा लावला तर तिने कोणाची चोरी केली? १७३६ च्या फर्मानाने तिच्या घरातून जे हिसकावले तेच तिला परत मिळत आहे. ज्यांनी त्या फर्मानाचा निषेध केला त्यांनीच आता तिला अडवणे, हे तर्काला धरून होत नाही. शिरगावच्या लईराईची बहीण म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, असे मानणारा आणि तिच्या फेस्ताला तेल वाहणारा गोमंतकीय हिंदू या शंकेचे उत्तर कधीच देऊन चुकला आहे.

तेव्हा करावयाचे काय? आमच्या दृष्टीने तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. पहिली धर्माधिकाऱ्यांसाठी. लॅटिन मागणारे थोडे असोत की फार, त्यांना वेदीचा एक कोपरा द्यावा. मात्र त्यांनीही इतरांच्या लोकभाषेला हीन लेखू नये. महासभेच्या मूळ ठरावात दोन्हींना जागा होती. फादर वास्को द रेगो यांच्यासारख्यांनी कोकणीत जी गायने आणि प्रार्थना रुजवल्या, वसईच्या चर्चमध्ये आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’मधून मराठी ज्या सहजतेने बोलली, ती काही परंपरेची हानी नव्हे, ती स्टीफन्सच्याच परंपरेची नवी पालवी आहे. दिब्रिटो २०२० साली धाराशिवच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा काहींनी त्यांच्या झग्याला आक्षेप घेतला होता. चारशे वर्षांपूर्वी ओवीने झगा पाहिला नव्हता, हे त्यांच्या गावी नसावे.

दुसरी गोष्ट शासनासाठी आणि विद्यापीठासाठी. गावोगावच्या चर्चमधील हस्तलिखित मोतेत, मेस्तांच्या वह्या, वाद्यवृंदाच्या प्रती यांची सूची व्हावी, जुन्या गायकांचे ध्वनिमुद्रण व्हावे. वाळवी आणि पावसाळा यांना धर्म कळत नाही. त्यांनी देवळातील पोथ्याही खाल्ल्या आणि चर्चमधील कागदही खाल्ले. या कामात हिंदू संगीतज्ञांनी, विशेषतः कीर्तनकारांनी आणि भजनी मंडळांनी, भाग घेतला तर ख्रिस्तपुराणाच्या ओव्या पुन्हा कोणत्या चालीवर गाता येतील याचाही शोध लागेल. भाषेच्या प्रश्नावर या राज्यात १९८७ साली राजभाषा कायदा झाल्यापासून पुष्कळ कटुता साठली आहे. मराठीच्या बाजूने आम्ही उभे आहोत आणि उभे राहू. पण ख्रिस्तपुराणापाशी आले की लिपीचे आणि बोलीचे भांडण क्षणभर थांबते. रोमन अक्षरांत छापलेले, कोकणीच्या वळणाने नटलेले ते मराठी काव्य आहे. त्या एका ग्रंथापुढे तिन्ही पक्षांनी एकत्र बसावे.

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःसाठी. दुसऱ्याच्या घरातील परंपरेचा ऊहापोह करताना आपल्या घरातली ढासळती भिंत दिसू नये, असे होऊ नये. किती भटजी आज उच्चारलेल्या मंत्राचा अर्थ सांगू शकतील, आणि किती यजमान तो विचारतील? धालो, जागर, रणमाले आणि सुवारीवादन यांची जागा ध्वनिक्षेपकावरील चित्रपटगीतांच्या चालीतली आरती घेत आहे. सप्ताहात टाळ कमी आणि फलक अधिक दिसू लागले आहेत. आपल्याकडे हे कोणा पोपने फर्मान काढून केलेले नाही. आपण स्वतःच्या आळसाने केले आहे. लॅटिनचे अभिमानी निदान आपल्या हरवलेल्या गोष्टीसाठी देशोदेशींहून एकत्र जमतात, वाद घालतात, प्रसंगी वरिष्ठांचा रोषही पत्करतात. आपण कशासाठी जमतो?

उपासना ही माणसाची सर्वांत खाजगी आणि त्याच वेळी सर्वांत सामुदायिक गोष्ट आहे. म्हणूनच तिच्यावर हात टाकण्याचा मोह सत्तेला होतो आणि म्हणूनच सत्तेचा हात तिथे पोळतो. उदयंपेरूरचा ठराव, १६८४ चे फर्मान, निजामाची बंदी आणि आजच्या काळातील परस्परविरोधी आज्ञा यांत देशांचे, धर्मांचे आणि हेतूंचे अंतर मोठे आहे. ते पुसून टाकण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्या सर्वांतून निघणारा बोध एकच आहे. जुने ते जुने म्हणून फेकू नये, नवे ते नवे म्हणून लादू नये. काय ठेवावे आणि काय सोडावे याचा निवाडा भाविकांच्या कंठावर सोपवावा. त्या कंठाला अवधी दिला तर तो बरोबर तेच राखतो जे राखण्यासारखे असते.